मालदीवची पहिली सहल: आधी बोट ठरवा, मग खोली

भाचीचा फोन आला तेव्हा तिचं बुकिंग झाल्यात जमा होतं. "मावशी, अगदी किनाऱ्यावरचा व्हिला मिळतोय, रात्रीचे तीनशे डॉलर. चार रात्रींचे बाराशे. परवडतंय गं आम्हाला. करून टाकू का?" मी म्हटलं, पैसे भरू नकोस, आधी वही-पेन घेऊन बस. त्या संध्याकाळी आम्ही फोनवर दीड तास हिशेब केला आणि बाराशेचा आकडा एकतीसशेच्या पुढे गेला. ती तरीही गेली आणि मजेत राहून आली, कारण खरा आकडा तिला घरी बसून कळला होता. मला माझ्या पहिल्या खेपेला तो कळला निघायच्या दिवशी, बिल हातात आल्यावर.

मालदीवचा हिशेब बाकीच्या सहलींपेक्षा वेगळा का पडतो, ते आधी समजून घेऊ. या देशात जवळजवळ १,२०० बेटं आहेत आणि त्यातल्या साधारण दोनशे बेटांवर स्थानिक लोक राहतात. रिसॉर्टं बहुतेक करून उरलेल्या बेटांवर आहेत, एका बेटावर एकच रिसॉर्ट. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासूनची ही पद्धत. त्यामुळे रिसॉर्टच्या बेटावर दुसरं हॉटेल नसतं, कोपऱ्यावरचं दुकान नसतं, रिक्षा नसते. एरवी आपण गावात पोहोचल्यावर जे ठरवतो, कुठे जेवायचं, कशाने जायचं, पाण्याची बाटली कुठून घ्यायची, ते सगळं इथे निघण्याआधी ठरवावं लागतं. बेटावर पाय ठेवल्यानंतर पर्याय एकच उरतो आणि त्याचा दर ठरलेला असतो.

पायरी १: रात्रीचा दर विसरा, एकूण रक्कम ठरवा

"खोलीला किती खर्च करू" हा प्रश्नच बाजूला ठेवा. घरातून निघून घरी परत येईपर्यंत मिळून किती खर्च करायचा आहे, तो एकच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्यातून विमानाचं तिकीट वजा करा. उरलेल्या रकमेतला दहावा हिस्सा बाजूला काढून त्याला हातही लावू नका. चुकलेली बोट, आजारपण, एखादी मोह पडणारी समुद्रसफर, सगळं त्यातून निघेल. जे शिल्लक राहतं ते तुमचं बेटावरचं बजेट. त्यात बोट, खोली, जेवण आणि कर, चारही बसायला हवेत.

विमानाच्या तिकिटाबद्दल एकच गोष्ट. मालदीव परदेशी प्रवाशाकडून परतीच्या वेळी दोन शुल्कं घेतं, इकॉनॉमी वर्गाला ५० डॉलर निर्गमन कर आणि ५० डॉलर विमानतळ विकास शुल्क. डिसेंबर २०२४ पासून हे दर लागू आहेत. ही रक्कम तिकिटातच धरलेली असते, म्हणून ती वेगळी लिहू नका. बिझनेस वर्गाला हे दर दुपटीहून जास्त आहेत.

पायरी २: महिना निवडा

मालदीवला दोन ऋतू. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे वारे, तिथल्या भाषेत इरुवाई. आभाळ मोकळं, समुद्र शांत, दर चढे. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचे वारे, हुळंगू. पाऊस, लाटा आणि उतरलेले दर. उन्हाचा पारा मात्र बाराही महिने तिशीच्या आसपास.

नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा पहिल्या सहलीसाठी टाळाच. दर चढलेले असतातच, शिवाय त्या रात्रींच्या खास मेजवानीचे पैसे बऱ्याच रिसॉर्टांत सक्तीने बिलात लागतात, तुम्ही जेवा वा नका जेवू.

पावसाळ्याला मात्र घाबरून तो सरसकट खोडू नका. पाऊस बऱ्याचदा सरींनी येतो, तासाभरात ऊन पडतं. कधी दोन दिवस सलग ओततोही, तेवढी तयारी मनाची हवी. आणि याच दिवसांत, साधारण जून ते नोव्हेंबर, बा अटोल या गोलाकार प्रवाळ बेटसमूहातल्या हनिफारू उपसागरात प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, थवे साठतात आणि ते खायला मांटा रे हे पंखांसारखे पसरट मोठे मासे जमतात, कधी व्हेल शार्कही येतो. बा अटोल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. हनिफारूत स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल बुडणं, चालत नाही, फक्त मास्क आणि नळी लावून पाण्याच्या वरूनच बघायचं स्नॉर्केलिंग करता येतं आणि तेही परवाना घेऊन. समुद्रजीव पाहायला जाणाऱ्याने स्वस्तातला पावसाळी महिना निवडला तर त्याचं दोन्हीकडून साधतं. नुसतं किनाऱ्यावर ऊन खात पडायचं असेल, तर मार्च गाठा.

पायरी ३: बोट की सीप्लेन?

आता मुख्य गोष्ट. परदेशी विमानं बहुतेक करून राजधानी मालेजवळच्या वेलाना विमानतळावर उतरतात. हा विमानतळ हुलहुले नावाच्या बेटावर आहे. तिथून तुमच्या रिसॉर्टपर्यंत जाण्याला तिकडे 'ट्रान्सफर' म्हणतात आणि त्याचे तीन प्रकार आहेत.

स्पीडबोट: विमानतळापासून पंधरा मिनिटं ते तासाभराच्या अंतरावरच्या बेटांसाठी. तिघांत सहसा हीच सर्वात स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी रात्रीही मिळते. समुद्र खवळलेला असेल तर पुढच्या बाकावर धक्के जास्त बसतात. पाठ किंवा कंबर दुखणाऱ्याने मागे बसावं.

सीप्लेन: लांबच्या बेटांसाठी. पंधरा-एक प्रवाशांचं ट्विन ऑटर विमान थेट पाण्यावर उतरतं. वैमानिक अनवाणी बसलेले असतात, खिडकीतून निळ्या पाण्यातल्या प्रवाळाच्या कड्या दिसतात. तो अर्धा तास कुणी विसरत नाही. पण माणशी जाऊन-येऊन तीनशे, साडेतीनशे डॉलरांपासून सहाशे आणि त्याहीपुढे मोजावे लागतात. सामान साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो, त्यावरच्या प्रत्येक किलोला पैसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सीप्लेन फक्त उजेडात उडतं.

देशांतर्गत विमान आणि पुढे बोट: धारावंधू, मामिगिली, हनिमाधू, कूड्डू, गन अशा छोट्या विमानतळांपर्यंत विमान आणि तिथून स्पीडबोट. यात वेळ जातो, पण अंधार पडल्यावरही जाता येतं आणि बऱ्याचदा सीप्लेनपेक्षा स्वस्त पडतं.

माझ्या पहिल्या खेपेची गोष्ट इथेच सांगते. माझं विमान पावणेपाचला उतरलं. सामान घेऊन बाहेर येईपर्यंत सव्वापाच वाजले होते. रिसॉर्टच्या काउंटरवरचा मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, आजचं शेवटचं सीप्लेन गेलं. उद्या सकाळी." रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या एका हॉटेलात काढावी लागली, त्याचं भाडं, टॅक्सी, जेवण वेगळं. बेटावरच्या पहिल्या रात्रीचे पैसे आधीच भरलेले होते, ते परत मिळाले नाहीत. चार रात्रींतली एक गेली, म्हणजे सहलीचा पाव भाग. ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांनी मला विमान किती वाजता उतरतं हे विचारलं नव्हतं, आणि मलाही ते सांगायला हवं हे ठाऊक नव्हतं.

म्हणून नियम असा ठेवा: सीप्लेनचं रिसॉर्ट घ्यायचं असेल, तर दुपारी साडेतीनच्या आत उतरणारं आणि परतीला सकाळी साडेनऊ-दहाच्या नंतर सुटणारं विमान मिळतंय का ते आधी बघा. नसेल मिळत, तर स्पीडबोटीचं बेट शोधा. विमानाचं तिकीट आधी काढून बसलेल्यांनी रिसॉर्टं त्या वेळेनुसार चाळावीत. खोलीचे फोटो बघण्याआधी ही एक ओळ बघितली, की यादीतली निम्मी बेटं आपोआप गळतात.

सीप्लेनचं तिकीट असलं तरी नेमकी वेळ आधी मिळत नाही. जाताना तुमचं विमान उतरल्यावर, येताना आदल्या दिवशी संध्याकाळी ती कळते. वाटेत एक-दोन रिसॉर्टांवर उतरत जायचीही शक्यता असते. दोन-तीन तास वाट बघायला लागली तर गोंधळ झाला असं समजू नका.

पहिल्या सहलीला माझा सल्ला स्पीडबोटीचाच. चार रात्रींसाठी दोघांचे सीप्लेनचे आठ-नऊशे डॉलर घालण्यापेक्षा तेच पैसे एका जास्तीच्या रात्रीत घाला. आठ रात्री राहणार असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो खर्च अंगावर येत नाही.

पायरी ४: बेट वरून बघा

रिसॉर्टच्या संकेतस्थळावरचे फोटो सगळीकडे सारखेच निळे असतात. त्याऐवजी नकाशाच्या ॲपमध्ये उपग्रहावरून दिसणारं चित्र उघडा आणि बेट मोठं करून बघा. बेटाभोवती फिकट निळा पट्टा दिसेल, ते उथळ खाजण, लगून. त्याच्या कडेला एकदम गडद निळी रेघ सुरू होते, तिथे प्रवाळाची भिंत खोल उतरते. मासे, कासवं, लहान शार्क, सगळी वर्दळ त्या रेघेवर असते.

ती रेघ किनाऱ्यापासून पन्नास-साठ मीटरवर असेल तर तुम्ही चष्मा लावून पाण्यात उतरलात की दहा मिनिटांत माशांमध्ये. यालाच तिथे 'हाऊस रीफ' म्हणतात आणि हे सुख बहुधा फुकट असतं. रेघ किनाऱ्यापासून पाचशे मीटर दूर असेल, तर प्रत्येक वेळी बोटीची सफर विकत घ्यावी लागेल. उलट पोहता न येणाऱ्यांना आणि लहान मुलांना मोठं, उथळ, वाळूच्या तळाचं लगूनच बरं. अलीकडे भराव घालून तयार केलेल्या बेटांवरची पांढरी वाळू सुंदर दिसते, पण तिथे किनाऱ्यालगत प्रवाळ नसण्याची शक्यता जास्त. काय हवं ते घरात आधी ठरवा. भाचीला पोहता येतं, जावयांना येत नाही. त्यांनी एका बाजूला लगून आणि जेट्टीच्या बाजूला रीफ असलेलं बेट शोधलं, आणि ते शोधायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. त्या सत्कारणी लागल्या.

एक जाणीव मात्र ठेवा. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापल्यामुळे मालदीवच्या प्रवाळाचं फार मोठं विरंजन झालं, म्हणजे पांढरं पडून बरंचसं मेलं. काही ठिकाणी ते पुन्हा धरतंय, काही ठिकाणी नुसते करडे सांगाडे आहेत. म्हणून "हाऊस रीफ आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. पाहुण्यांनी गेल्या वर्षभरात काढलेले पाण्याखालचे फोटो शोधून बघा.

पायरी ५: व्हिला कोणता

पाण्यावरचा वॉटर व्हिला आणि किनाऱ्यावरचा बीच व्हिला यांच्या दरात मोठा फरक असतो. वॉटर व्हिलाची हौस असेल तर शेवटच्या एक-दोन रात्री तो घ्या, आधीच्या रात्री किनाऱ्यावर काढा. बरीच रिसॉर्टं अशी विभागणी करून देतात. लहान मूल बरोबर असेल तर वॉटर व्हिलात किती वर्षांपुढच्या मुलांना परवानगी आहे ते विचारा; डेकवरून थेट समुद्रात पायऱ्या उतरतात. काही रिसॉर्टं मुलांना घेतच नाहीत.

सूर्यास्ताच्या बाजूच्या खोलीला जास्त पैसे लावतात. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा हीच पश्चिमेची बाजू खवळलेली असते आणि पूर्वेची स्वस्त खोली शांत पाण्यावर असते. हिवाळ्यात याच्या उलट. एवढं ध्यानात ठेवून खोली मागितलीत तर पैसेही वाचतात आणि पोहणंही होतं.

पायरी ६: जेवणाचा पर्याय

नुसती खोली, नाश्त्यासह, हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळचं, आणि ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे पेयांसह सगळं. बेटावर दुसरं हॉटेल नाही हे आठवा आणि निदान हाफ बोर्डच्या खाली जाऊ नका. हाफ बोर्डमध्ये रात्रीच्या जेवणासोबतचं पाणीसुद्धा काही ठिकाणी बिलात येतं. "जेवताना पाणी धरलंय का, खोलीत रोज किती बाटल्या देता, चहा-कॉफी कुठे फुकट आहे" हे तीन प्रश्न ईमेलने विचारून उत्तर लेखी घ्या.

दारू घेणारे असाल किंवा दिवसभर सरबतं, ज्यूस, आइस्क्रीम चालणारी मुलं बरोबर असतील, तर ऑल इन्क्लुझिव्ह बहुधा स्वस्तच पडतं. न घेणाऱ्या दोघांना सहसा फुल बोर्ड पुरतं. एका खोलीतल्या सगळ्यांना एकच पर्याय घ्यावा लागतो, नवऱ्याला एक आणि बायकोला दुसरा असं चालत नाही. शाकाहारी असाल तर निघण्याआधी कळवा, आणि मासे-अंडीही चालत नाहीत हे स्पष्ट लिहा. आधी कळवलं की स्वयंपाकघरातली माणसं मनापासून करून घालतात, हा माझा दोन्ही वेळचा अनुभव.

पायरी ७: कर धरून बेरीज

आता भाचीच्या वहीचं पान. दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं (++) दिसली की समजा, सेवा शुल्क आणि कर अजून लागायचे आहेत. सेवा शुल्क १० टक्के. त्यासकट झालेल्या रकमेवर पर्यटन वस्तू व सेवा कर १७ टक्के; तो १ जुलै २०२५ पासून १६ वरून १७ झाला. म्हणजे मूळ दराला १.२८७ ने गुणायचं. शंभराचे जवळजवळ एकशे एकोणतीस. शिवाय हरित कर, रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर. हा २०२५ च्या सुरुवातीला सहावरून बारा झाला, त्यामुळे जुने लेख वाचून हिशेब करू नका.

तिचा हिशेब असा झाला:

खोली ३०० × ४ = १,२०० डॉलर. सेवा शुल्क आणि कर धरून १,५४४.
हरित कर, १२ × २ माणसं × ४ रात्री = ९६.
हाफ बोर्ड माणशी दिवसाला ८०, दोघांचे चार दिवसांचे ६४०; करासह ८२४.
स्पीडबोट माणशी १५०, दोघांचे ३००, यात कर धरलेला.
दुपारचं हलकं खाणं आणि पाणी, दोघांचे रोजचे ६०, तीन दिवस, करासह २३२.
डॉल्फिन बघायची एक सफर, माणशी ७५, करासह १९३.

एकूण ३,१८९. रात्रीला भागून आठशे. तीनशेची खोली आठशेला पडते, ती अशी. हेच बेट सीप्लेनचं असतं आणि माणशी ४५० लागले असते, तर आणखी सहाशे.

तुमचे आकडे वेगळे येतील, पण ओळी याच असतील. दोन-तीन रिसॉर्टांसाठी ही बेरीज शेजारी शेजारी मांडा. बऱ्याचदा असं दिसतं की रात्रीला चारशे डॉलर मागणारं रिसॉर्ट जेवण आणि बोट धरून स्वस्त आहे आणि अडीचशेवालं महाग. बुकिंगच्या संकेतस्थळांवरचा दर आणि रिसॉर्टने थेट दिलेला दर, दोन्ही मागवा. ईमेलमध्ये एकच वाक्य लिहा: दोन माणसं, चार रात्री, ट्रान्सफर, जेवण आणि सगळे कर धरून शेवटची रक्कम किती? उत्तरात पुन्हा अधिक चिन्हं आली तर पुन्हा विचारा. नवविवाहित असाल तर लग्नाचा दाखला जवळ ठेवा; ठरावीक महिन्यांत लग्न झालेल्यांना बरीच रिसॉर्टं एखादं जेवण किंवा खोलीत सवलत देतात, पण कागद मागतात.

बेरीज आवाक्याबाहेर गेली तर

सहल रद्द करू नका. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायला परवानगी मिळाली आणि तिथलं चित्र पालटलं. माफुशी, थुलुस्धू, धिगुरा, उकुलहस अशा बेटांवर साध्या, स्वच्छ खोल्या रिसॉर्टच्या कितीतरी पट कमी दरात मिळतात. पन्नास किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये हरित करही निम्मा, ६ डॉलर. मालेहून ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या सामायिक स्पीडबोटी असतात, सरकारी फेरी तर नाममात्र दरात नेते. फक्त ती सावकाश जाते आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, बऱ्याच मार्गांवर बंद असते. धिगुराहून दक्षिण अरी अटोलच्या संरक्षित पट्ट्यात व्हेल शार्क बघायला जाता येतं आणि ते वर्षभर दिसू शकतात.

या बेटांवर मुस्लिम वस्ती आहे आणि तिथले नियम घराचे नियम आहेत. दारू मिळत नाही. पोहण्याच्या कपड्यांत फक्त 'बिकिनी बीच' म्हणून राखलेल्या भागात वावरायचं, गल्लीत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पहाटेची अजान, संध्याकाळी जाळीच्या खुर्चीवर गप्पा मारत बसलेली म्हातारी माणसं, धोनी, म्हणजे तिथल्या होड्या, रंगवणारे हात, हे सगळं रिसॉर्टच्या बेटावर दिसत नाही. मला विचाराल तर पहिल्या सहलीचा सगळ्यात चांगला आराखडा हा: तीन रात्री गेस्टहाऊस, शेवटच्या दोन रात्री जवळचं स्पीडबोटीचं रिसॉर्ट. समुद्रसफरी गेस्टहाऊसहून करा, तिथे त्या स्वस्त असतात. रिसॉर्टवर गेल्यावर कुठेच जायचं नाही. अनेक गेस्टहाऊसवाले एका दिवसापुरतं रिसॉर्टवर नेऊन आणतात, तोही मार्ग आहे.

कागदपत्रं

व्हिसा उतरल्यावर, विनामूल्य. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि राहण्याचं पक्कं बुकिंग दाखवावं लागतं. निघण्याआधी ९६ तासांच्या आत 'इमुगा' या सरकारी संकेतस्थळावर प्रवासी घोषणापत्र भरायचं आणि मिळालेला क्यूआर कोड फोनमध्ये जपायचा. परत निघतानाही ते पुन्हा भरावं लागतं. हे पूर्णपणे मोफत आहे. शोध घेताना वर येणारी काही खासगी संकेतस्थळं यासाठी पैसे मागतात, त्यांच्याकडे वळू नका.

प्रवास विमा घ्या आणि त्यात पाण्यातले खेळ धरलेत का ते वाचा. बेटावर डॉक्टर असले तरी गंभीर दुखण्यात मालेला न्यावं लागतं, आणि तिथवर नेणारी बोट स्वस्त नसते.

बॅग

काय न्यायचं नाही ते आधी. दारू नेता येत नाही, विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमधली बाटलीसुद्धा. ती काढून घेतात. डुकराचं मांस नाही. पूजेच्या मूर्ती नेण्यावर बंदी आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तिथे जाऊन कळते आणि मन खट्टू होतं, म्हणून देवघरातला बाळकृष्ण घरीच ठेवा. ई-सिगारेट २०२४ च्या नोव्हेंबरपासून बंद. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणि परत येताना शंख, प्रवाळ, वाळू आणायची नाही, कायद्याने मनाई आहे.

न्यायचं ते थोडंच. स्वतःच्या मापाचा स्नॉर्केलचा मास्क, कारण भाड्याचा गळका निघाला तर चारही दिवस वैताग. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. पाठीवर तासभर ऊन लागलं की रात्री झोप येत नाही, आणि क्रीमपेक्षा कापड खात्रीचं. पाण्यात घालायचे बूट. तीन चौकोनी पिनांचा प्लग अडॅप्टर. नेहमीची औषधं, बोट लागण्याची गोळी, सुकं खाणं. वीस किलोची मर्यादा लक्षात ठेवा आणि बॅग घरीच वजन करून घ्या.

पैसे: रिसॉर्टवर सगळं डॉलरमध्ये खोलीच्या नावावर लिहिलं जातं आणि शेवटी कार्डाने भरायचं असतं. बक्षिसीसाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा घ्या. तिथलं चलन रुफिया, डॉलरला साधारण साडेपंधराच्या आसपास. ते फक्त वस्तीच्या बेटांवर लागतं आणि देशाबाहेर बदलून मिळणं अवघड, म्हणून थोडंच घ्या.

बेटावरचे दिवस

पोहोचल्याबरोबर घड्याळाबद्दल विचारा. मालदीवची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, पण काही रिसॉर्टं संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. परतीची बोट कोणत्या वेळेनुसार सुटते ते पक्कं करून घ्या.

पहिल्या दिवशी पाण्यातल्या खेळांच्या केंद्रावर जाऊन प्रवाह कुठे आहे आणि रीफवर उतरायची वाट कोणती ते विचारा. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. तो जिवंत आहे आणि बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात. एकट्याने लांब जाऊ नका. कयाक, पॅडल बोर्ड अशी बिनइंजिनाची साधनं बऱ्याच ठिकाणी फुकट असतात, ती मनसोक्त वापरा. स्कूबा केलंत तर शेवटचा दिवस मोकळा ठेवा, परतीच्या उड्डाणाआधी निदान १८ तास पाण्याखाली जायचं नाही, सीप्लेनलाही हे लागू.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवरून बिलाची प्रत मागून घ्या आणि जेवणानंतर शांतपणे ओळ न् ओळ वाचा. हाफ बोर्डमधलं जेवण चुकून वेगळं लागलेलं असतं, फ्रिजमधली न उघडलेली बाटली मोजलेली असते. रात्री सांगितलं की पाच मिनिटांत दुरुस्त होतं. सकाळी जेट्टीवर बोट उभी असताना कुणालाच वेळ नसतो. दुपारी बाराला खोली सोडावी लागते आणि बोट चारची असू शकते, तेव्हा पाहुण्यांसाठी अंघोळीची वेगळी खोली असते. एक कोरडा कपडा आणि टॉवेल हातातल्या बॅगेत वरच ठेवा, म्हणजे शेवटची बुडी अगदी निघेपर्यंत मारता येते.